‘तेव्हापासून’ : प्राण्यांच्या कारणकथा आणि मराठी शाळा

१

मराठीत गोष्ट संपवण्याचा एक हुकमी शब्द आहे : ‘तेव्हापासून’. सेतू बांधताना रामाने खारीच्या पाठीवरून बोटे फिरवली, तेव्हापासून तिच्या पाठीवर पट्टे आहेत. दर्भावर सांडलेले अमृत चाटताना सापांच्या जिभा चिरल्या, तेव्हापासून सापाची जीभ दुभंगलेली आहे. रामाने सोडलेल्या दर्भाच्या काडीने कावळ्याचा डोळा फोडला, तेव्हापासून कावळा मान वाकडी करून एका डोळ्याने बघतो. धाराशिव जिल्ह्यात वाढलेल्या माणसाने यांतली एखादी तरी गोष्ट लहानपणी अंगणात, शेतात किंवा देवळाच्या ओट्यावर ऐकलेली असते.

प्राण्याचे रूप, रंग, आवाज किंवा सवय अशी का आहे, हे सांगणाऱ्या या गोष्टींना मी येथे ‘कारणकथा’ म्हणते. लोकसाहित्याच्या अभ्यासात त्यांना मोठी जागा आहे. स्टिथ थॉम्प्सन या अमेरिकी अभ्यासकाने १९३२ ते १९३६ या काळात जगभरच्या कथाबीजांची जी सूची प्रसिद्ध केली, तिच्या ‘ए’ विभागात २२०० ते २५९९ हे क्रमांक प्राण्यांच्या वैशिष्ट्यांसाठी राखून ठेवले आहेत. भारतीय मौखिक कथांची वेगळी सूची त्याने जोनास बालिस यांच्यासह १९५८ साली काढली. आपल्याकडे दुर्गाबाई भागवतांचे ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ १९५६ साली आले, आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून गावोगावचे मौखिक धन छापून काढले. म्हणजे संग्रह झाला, वर्गीकरण झाले.

मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. या गोष्टी आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मराठी छापील शालेय पुस्तकांत गोष्टींना येऊन दोनशे वर्षे होत आली. तरी या दोघांची गाठ वर्गात का पडली नाही? मुलांनी गोष्ट लिहायची म्हटले की आपण त्यांच्याकडून ‘तात्पर्य’ मागतो. ‘तेव्हापासून’ कधी मागत नाही. जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांत शिकवताना मी ते मागून पाहिले. त्यातून जे हाती आले, ते समजून घेण्यासाठी मला बरेच मागे जावे लागले.

२

प्रथम जुन्या भांडाराकडे पाहू. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात मरुत्त राजाच्या यज्ञाचा प्रसंग आहे. यज्ञ चालू असताना रावण तेथे येतो. त्याच्या धाकाने देव प्राण्यांची रूपे घेऊन लपतात : इंद्र मोर होतो, यम कावळा, कुबेर सरडा आणि वरुण हंस. रावण निघून गेल्यावर देव आपापल्या रूपात येतात आणि ज्यांच्या अंगात दडले, त्या प्राण्यांना वर देतात. मोराचा पिसारा पूर्वी नुसताच निळा होता. इंद्राने त्यावर आपले सहस्र डोळे उमटवले. हंसाला वरुणाने शुभ्रपणा दिला, सरड्याला कुबेराने सोनेरी डोके. यमाने कावळ्याला सांगितले की माणसाने मारल्याशिवाय तुला मरण नाही, आणि तू जेवलास की माझ्या लोकातले भुकेले तृप्त होतील. दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत आपण नदीकाठी उभे राहतो, त्या आचारामागची समजूतही याच जातीची आहे.

एकाच प्रसंगात चार कारणकथा. आणि सगळ्यांचे मूळ कशात? घाबरलेल्या देवांना क्षणभर आसरा देण्यात.

त्याच रामायणात कावळ्याची दुसरी गोष्ट आहे. सुंदरकांडात सीता हनुमानाला खूण म्हणून ती सांगते : आपल्याला चोच मारणाऱ्या कावळ्यावर रामाने दर्भाचे अस्त्र सोडले आणि अखेर त्याचा उजवा डोळा गेला. म्हणजे एका कांडात कावळा दंड झालेला, दुसऱ्या कांडात वर मिळालेला. परंपरेने दोन्ही उत्तरे सांभाळली, एकासाठी दुसरे पुसले नाही. खारीची गोष्ट तर वाल्मीकींनी सांगितलेलीच नाही. ती लोकांनी रामकथेला मागाहून जोडली आणि आज ती रामकथेतल्या सर्वांत आवडत्या गोष्टींपैकी एक आहे. एवढ्या प्रतिष्ठित ग्रंथाला लोकांनी गोष्ट जोडली आणि ती टिकली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या गोष्टींच्या तळाशी निरीक्षण असते. कावळ्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. जवळची वस्तू नीट पाहायची तर त्याला मान तिरकी करावी लागते. कोणीतरी ते शेकडो वेळा पाहिले, त्यातून ‘एकाक्ष’ हा शब्द आला, आणि एकच बुबुळ दोन्ही खोबणींत फिरते असे मानणारा ‘काकाक्षिगोलक न्याय’ही आला. निष्कर्ष चुकला, पण पाहणे खरे होते. खारीच्या पट्ट्यांचेही तसेच. दक्षिणेकडची खार तीन पट्ट्यांची, उत्तरेकडची पाच पट्ट्यांची. महाराष्ट्रात दोन्ही आढळतात. रामाची बोटे किती उमटली, हे ठरवण्यासाठी मुलाला खार थांबेपर्यंत श्वास रोखून बसावे लागते.

सर्पांची गोष्ट जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण पुढे ती लागणार आहे. महाभारताच्या आदिपर्वात कद्रू आणि विनता या दोन बहिणी पैज लावतात. पैज आहे उच्चैःश्रवा घोड्याच्या शेपटीचा रंग कोणता. विनता म्हणते पांढरा, कद्रू म्हणते काळा. शेपटी पांढरीच असते. कद्रू आपल्या सर्पपुत्रांना तिला चिकटून बसायला लावते आणि पैज जिंकते. हरलेली विनता दासी होते. तिला सोडवण्यासाठी तिचा मुलगा गरुड अमृत आणतो, ते दर्भावर ठेवतो. सर्प स्नानाला गेले असताना इंद्र ते पळवतो, आणि परतलेले सर्प रिकामा दर्भ चाटतात. जीभ का चिरली, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. एका प्राण्याचे रूप कोणी खोटे दाखवले आणि त्यावरून एक आई गुलाम झाली, हा तिचा पहिला अर्धा भाग आपण बहुधा गाळतो.

३

धाराशिव जिल्ह्यात ‘का’ विचारायला पुस्तक उघडावे लागत नाही. गावाचे नाव धाराशिव का, तर धारासुर नावाच्या दैत्याची गोष्ट सांगतात आणि धारासुरमर्दिनीचे देऊळ दाखवतात. तुळजापूरची भवानी महिषासुरमर्दिनी. तिच्या पायाशी म्हशीच्या रूपातला दैत्य. आणि त्याच मुलखात शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला म्हसोबा राखणदार म्हणून पुजला जातो. म्हसोबा आणि महिषासुर यांचे नाते दा. ध. कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या १९६२ सालच्या ग्रंथात उलगडून दाखवले. देवळात जो मारला गेला, तो बांधावर देव आहे.

शहरापासून जवळच असलेल्या लेण्यांचीही कथा आहे. कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूर, म्हणजे आजचे तेर, आणि त्याजवळचा डोंगर येतो. तेथे एक हत्ती सोंडेत पाणी आणि कमळ घेऊन येतो, वारुळाला प्रदक्षिणा घालून ते वाहतो. करकंड राजाला प्रश्न पडतो : हत्ती असे का करतो? वारूळ खणल्यावर पार्श्वनाथांची मूर्ती सापडते. प्राण्याच्या एका विचित्र वागण्याकडे कोणाचे तरी लक्ष गेले, आणि तेथून गोष्ट सुरू झाली.

येडशीजवळच्या रामलिंग मंदिरात जटायूची समाधी दाखवतात. रावणाने त्याचे पंख येथे छाटले, अशी तेथली श्रद्धा. आजूबाजूचे रान आता अभयारण्य आहे. माकडे भरपूर. पण जटायूचे जातभाई? १९९० नंतर भारतातल्या गिधाडांच्या तीन प्रमुख जाती ९५ टक्क्यांहून अधिक घटल्या. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून त्यांच्या मूत्रपिंडांवर घाला घालत होते. त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ साली बंदी आली. आज मराठवाड्यातल्या मुलाला जटायूची समाधी माहीत असते, पण गिधाड त्याने पाहिलेले नसते.

उरलेले प्राणी मात्र मुलांच्या अगदी हाताशी आहेत. ‘उस्मानाबादी’ या नावाने देशभर ओळखली जाणारी शेळी याच भागातली, बहुतेक काळीभोर. शेजारच्या लातूर भागातली देवणी जनावरेही इकडे दावणीला दिसतात, आणि त्यांच्या अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या मांडणीवरून गोपालकांनी वानेरा, बालंक्या, शेवरा असे प्रकार केले आहेत. शेतकऱ्याला जनावराचे रूप वाचता येते, आणि त्याच्या मुलालाही. मुलाची ही विद्या शाळेच्या दारात थांबते.

४

ती का थांबते, याचे उत्तर छापील मराठी गोष्टीच्या सुरुवातीतच आहे. तंजावरला सरफोजी राजांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘बालबोध मुक्तावली’ छापली गेली. ती इसापच्या गोष्टींचे मराठी रूप. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तके १८२८ साली निघाली. शाळेसाठी मराठी गद्य घडवण्याचे काम या पुस्तकांनी केले आणि ते ऋण मोठे आहे. पण त्यांच्याबरोबर गोष्टीचा एक ठरावीक साचाही आला : प्राणी येतात, माणसांसारखे वागतात, एकजण फसतो, आणि शेवटी तात्पर्य. पंचतंत्र आपल्याकडे होतेच. तेही या साच्यात नीट बसले.

नीतिकथेतला कोल्हा कोल्हा नसतो. तो लबाड माणूस असतो. त्याच्या शेपटीचा झुपका किती, तो भुंकतो की ओरडतो, दिवसा दिसतो की रात्री, याची नीतिकथेला गरज नाही. कारणकथेचे उलटे आहे. तिला शेपटीपासूनच सुरुवात करावी लागते. नीतिकथा मुलाला सांगते, ‘असे वाग.’ कारणकथा त्याला म्हणते, ‘हे बघ.’ वासाहतिक काळातल्या शिक्षणाला नीतिमान आणि आज्ञाधारक मूल हवे होते, म्हणून शाळेने पहिली घेतली आणि दुसरी आजीकडे ठेवली. ‘दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट लिहा, योग्य शीर्षक द्या व तात्पर्य लिहा’ हा प्रश्न आपण सर्वांनी सोडवला आहे. त्यात घटना आधीच दिलेली, शेवटही जवळपास दिलेला. मुलाने गाळलेल्या जागा भरायच्या.

धाराशिवच्या बाबतीत आणखी एक भिंत होती, भाषेची. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही त्याच माध्यमाचे. मराठीतून राष्ट्रीय शिक्षण देण्यासाठी लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला १९२१ साली शाळा निघाली, पुढे स्वामी रामानंद तीर्थांनी तेथे मुख्याध्यापक म्हणून काम केले. पण अशा शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. एका संपूर्ण पिढीसाठी आजीची गोष्ट एका भाषेत आणि पुढची शाळा दुसऱ्या भाषेत होती. पुढे महाराष्ट्र झाला, १९६७ साली ‘बालभारती’ आली, १९७१ साली ‘किशोर’ मासिक सुरू झाले. मराठवाड्यातल्या मुलांना चांगल्या मराठी गोष्टी वाचायला मिळू लागल्या. लिहिण्याचा साचा मात्र बराच काळ मुद्द्यांचाच राहिला.

एक वेगळी वाट महाराष्ट्रातच निघाली होती. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांसाठी काम उभारले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच चराईच्या रानात न्यावी, म्हणून त्यांनी ‘कुरणशाळा’ चालवली. तिची मला भावलेली बाजू ही : पुस्तकातले न येणारे ते मूल तेथे अडाणी नव्हते. समोर चरणाऱ्या जनावराबद्दल त्याला शिक्षकापेक्षा अधिक ठाऊक होते.

५

जगात इतरत्र मुलांना कारणकथा लिहायला लावणे हा भाषेच्या तासाचा नेहमीचा पाठ आहे, आणि त्यासाठी नमुना म्हणून हमखास वाचले जाणारे पुस्तक लिहिणारा माणूस मुंबईत जन्मला होता. रुडयार्ड किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा. त्याचे वडील तेथल्या कलाशाळेत शिकवत. आयाकडून आणि घरगड्याकडून दुपारी गोष्टी ऐकायच्या आणि मग इंग्रजीतच बोलण्याची ताकीद घेऊन आईवडिलांसमोर जायचे, ही आठवण त्याने आत्मचरित्रात नोंदवली आहे. त्याचे ‘जस्ट सो स्टोरीज’ १९०२ साली निघाले : उंटाला मदार, गेंड्याला घड्या, बिबट्याला ठिपके कसे आले, याच्या गोष्टी. मुलगी जोसेफिन हिला त्या रोज अगदी त्याच शब्दांत हव्या असत, म्हणून हे नाव. पुस्तक निघण्याआधी तीन वर्षे ती वारली होती.

किपलिंगच्या जन्माच्या सुमारास मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर दख्खनच्या दौऱ्यावर होती. बरोबर असलेल्या अ‍ॅना लिबरेटा डिसूझा या आयाकडून ऐकलेल्या गोष्टी तिने १८६८ साली ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने छापल्या. त्यात सूर्य, चंद्र आणि वारा मेजवानीला गेल्याची गोष्ट आहे. घरी थांबलेल्या आईसाठी फक्त चंद्राने घास आणला. म्हणून सूर्य तापतो, वारा झोंबतो, चांदणे शीतल असते. ही अस्सल कारणकथा. दोन्ही ठिकाणी सांगणारी बाई नोकर होती आणि लिहिणारे हात मालकाच्या घरातले होते.

म्हणून ‘मुलांना गोष्टी सांगा’ एवढे म्हणून भागत नाही. ‘मुलांना लिहू द्या’ असे म्हणावे लागते. जो लिहितो, त्याचे कारण टिकते.

६

येथे एक अवघड गोष्ट येते आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. कारणकथेचा नेहमीचा आकृतिबंध शाप आणि वराचा आहे. कोणीतरी बलवान प्रसन्न झाला किंवा रागावला, आणि दुबळ्याचे रूप कायमचे ठरले. कावळ्याच्या बाबतीत हे गमतीचे वाटते. माणसांच्या बाबतीत हाच आकृतिबंध वापरला की तो गमतीचा राहत नाही. अमुक जातीच्या मूळ पुरुषाच्या हातून अमुक चूक झाली, तेव्हापासून त्या जातीला अमुक काम लागले, अशा जातिपुराणांनी आपला देश भरला आहे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या पुरुषसूक्तात हे दोन्ही धागे शेजारी-शेजारी दिसतात. आदिपुरुषाच्या यज्ञातून घोडे, गायी, शेळ्या आणि मेंढ्या कशा जन्मल्या, हे दहाव्या ऋचेत येते; मुखापासून पायापर्यंत चार वर्ण कसे, हे बाराव्या ऋचेत. शेळी शेळी का आहे आणि शूद्र शूद्र का आहे, याचे उत्तर एकाच श्वासात. ज्या मुलाला पहिले उत्तर निसर्गनियमासारखे पटले, त्याला दुसरेही तसेच पटते.

या आकृतिबंधाला मराठीत पहिला मोठा छेद जोतीराव फुल्यांनी दिला. ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाली. जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादात मत्स्य, कच्छ, वराह हे अवतार एकेक करून तपासले जातात. होड्यांतून माशासारखे झरझर आलेल्या टोळीच्या नायकाला मत्स्य हे नाव पडले असावे, असे काहीसे जोतीराव सांगतात. इतिहास म्हणून त्यांचे प्रत्येक अनुमान आज कोणी स्वीकारील असे नाही. पण त्यांच्या प्रश्नाची दिशा पाहा : ही गोष्ट कोणी रचली, आणि ती रचून त्याला काय मिळाले? डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते’ हा ग्रंथ जोतीरावांनाच अर्पण केला. त्यात पुरुषसूक्ताची तपासणी येते. ‘तेव्हापासून’ या शब्दाआधीचे सारे उकरून पाहण्याचेच ते काम आहे.

मुलांना कारणकथा लिहायला शिकवण्याचा माझ्या मते खरा अर्थ येथे आहे. जे मूल स्वतः ‘तेव्हापासून’ लिहिते, त्याला कळते की हा शब्द आकाशातून पडत नाही. तो कोणीतरी लिहितो. आणि म्हणून तो पुन्हा लिहिताही येतो.

७

पद्धत साधी होती. पाचवी-सहावीच्या मुलांनी आठवडाभर एकच प्राणी पाहायचा आणि वहीच्या डाव्या पानावर फक्त ‘काय’ लिहायचे. ‘का’ लिहायला बंदी. मग गोष्ट आधी तोंडी सांगायची. ऐकणाऱ्यांना प्रश्न विचारायची मुभा. नंतर उजव्या पानावर ती लिहायची, ‘पूर्वी’पासून ‘तेव्हापासून’पर्यंत. सर्वांत शेवटी, त्या प्राण्याबद्दल विज्ञान काय सांगते ते खाली चार ओळींत. तात्पर्य मागायचे नाही. एक नियम हळूहळू मुलांच्या चर्चेतूनच पक्का झाला : शाप वापरायचा तर शाप देणाऱ्याने तो का दिला, हेही सांगायचे.

डाव्या पानांनी मला अधिक शिकवले. एका मुलीने लिहिले की शेळीच्या डोळ्यात आडवी रेघ असते. वर्गातल्या निम्म्या घरांत शेळ्या, पण ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते. सगळा वर्ग शेळ्यांच्या डोळ्यांत डोकावून आला. तिच्या गोष्टीत शेळीला कोणी देव भेटत नाही. लांडगा कधी डावीकडून यायचा, कधी उजवीकडून. शेळी दोन्हीकडे एकदम बघायचा सराव करत राहिली, बुबुळ ताणले गेले, तेव्हापासून ते आडवे आहे. खालच्या चार ओळींत आम्ही लिहिले : आडव्या बाहुलीमुळे चरणाऱ्या जनावराला आजूबाजूचा विस्तृत पट्टा दिसतो आणि शिकारी लवकर ध्यानात येतो. गोष्ट आणि विज्ञान एकाच लांडग्यापाशी पोचले होते.

येडशीच्या बाजूच्या एका मुलाने गिधाड निवडले. त्याचे डावे पान कोरे राहिले, कारण बघायला गिधाडच नव्हते. त्याने आजोबांना विचारले आणि ते पान आजोबांच्या शब्दांत भरले : मेलेले जनावर टाकले की आभाळातून कसे फेर धरत उतरायची, डोके-मान कशी उघडी, पंख पसरून उन्हात कशी बसायची. जिल्ह्यातल्या एका पाखराची नोंद अशी एका वहीत आली.

तिसरी वही एका ऊसतोड कुटुंबातल्या मुलाची. दिवाळी झाली की त्याचे आईवडील मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याच्या भागात जातात, फडाजवळ कोपीत राहतात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्याने टिटवी निवडली. डाव्या पानावर होते : टिटवी झाडावर घरटे करत नाही. उघड्या रानात, खड्यांमध्ये अंडी घालते. अंडी खड्यांसारखीच दिसतात. जवळ गेले की ओरडते आणि आपल्याला दुसरीकडे नेते. उजव्या पानावरची गोष्ट अशी : पूर्वी पाखरांना झाडे वाटत होते. त्या दिवशी टिटवीचे आईबाप दूर कामाला गेले होते. ते आले तेव्हा झाडे संपली होती. म्हणून टिटवी उघड्यावर राहते, आणि कोणी आले की ‘इथे आमची पोरं आहेत’ असे ओरडून सांगते.

टिटवीबद्दल आपल्याकडे दोन जुन्या गोष्टी आहेत. पंचतंत्रात समुद्र तिची अंडी नेतो. आणि ती पाय वर करून झोपते, आभाळ पडले तर तोलून धरावे म्हणून, अशी तिची थट्टा होते. लोकांत तिचे ओरडणे अशुभ मानतात. या मुलाने ते ओरडणे आईबापाच्या तोंडचे करून टाकले.

८

या पाठाला दोन बाजूंनी हरकत येते. पहिली विज्ञानाची : मुलांना खोटी कारणे का शिकवायची? ही शंका रास्त आहे. सोयीची गोष्ट आणि सिद्ध झालेले कारण यांत गल्लत होते, एवढी की स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात उत्क्रांतीच्या पुराव्याविना केलेल्या स्पष्टीकरणांनाच किपलिंगच्या पुस्तकाचे नाव देऊन टीका केली. पण गोष्ट आणि कारण यांतला फरक ज्याने दोन्ही शेजारी-शेजारी लिहिली, त्यालाच नीट कळतो. सापाची जीभ दुभंगलेली असल्याने त्याला गंध कोणत्या बाजूने येतो ते समजते, हे वाचल्यावर मुले अमृताची गोष्ट टाकून देत नाहीत. ती कोणत्या पानावर लिहायची, हे त्यांना समजते.

दुसरी हरकत श्रद्धेची : पुराणातले आहे ते बदलायचे? मला मरुत्ताचा यज्ञ आणि सीतेची खूण या दोन कावळ्यांकडे बोट दाखवावेसे वाटते. ज्या परंपरेने एकाच पाखराला दोन कारणे दिली आणि ज्या लोकांनी रामकथेला खार जोडली, त्यांच्या मुलांनी तिसरे कारण लिहिले तर ते परंपरेबाहेर जात नाहीत.

मला खरी काळजी तिसऱ्याच गोष्टीची वाटते. हा पाठ रुळला की त्याचाही साचा होईल. ‘मुद्द्यांवरून कारणकथा लिहा’ असा पाच गुणांचा प्रश्न येईल, आणि बाजारातल्या मार्गदर्शकात शेळीच्या डोळ्याची तयार गोष्ट छापून मिळेल. त्यावर उपाय डाव्या पानाचा. जे मुलाने पाहिले नाही, ते त्याने लिहायचे नाही. एवढे सांभाळले तर साचा पक्का होत नाही, कारण प्रत्येक गावातली खार वेगळ्या वेळी थांबते.

टिटवीची गोष्ट वर्गात वाचून झाली तेव्हा नियमाप्रमाणे प्रश्न सुरू झाले. टिटवीचे आईबाप कोणत्या कामाला गेले होते? उसाला. झाडे किती होती? पुष्कळ. मग एका मुलीने विचारले, ‘झाडं वाटत कोण होतं?’ लिहिणारा मुलगा थोडा वेळ वहीकडे बघत राहिला. हे मी लिहिले नाही, म्हणाला. आणि वही घेऊन खाली बसला.